व्हिएतनामी घरचा स्वयंपाक: रोजच्या वाटीपासून तेतच्या पंगतीपर्यंत

व्हिएतनामी जेवण म्हटलं की आपल्याला फो हे नूडल्सचं सूप आणि बान्ह मी हे पावातलं सँडविच आठवतं. पण व्हिएतनाममध्ये बहुतेक माणसं हे दोन्ही पदार्थ बाहेरच खातात. फो तर सकाळी सकाळी, गल्लीच्या तोंडावर बुटक्या स्टुलावर बसून. हाडं तासन् तास उकळत ठेवायचा उद्योग घरी रोज कोण करणार? घरात शिजतो तो भात आणि भाताभोवतीच्या चार गोष्टी. ही मांडणी एकदा हाताखालून गेली की तेत या चांद्र नववर्षाच्या सणाचा स्वयंपाकही आवाक्यात येतो. सणाचं ताट रोजच्याच ताटासारखं मांडलेलं असतं, फक्त त्यात आधी करून ठेवता येतील आणि तीन-चार दिवस टिकतील असे पदार्थ असतात.

म्हणून आधी रोजचं जेवण घेऊ आणि मग तेत. डुकराचं मांस ज्यांच्या घरात चालत नाही त्यांच्यासाठी आणि शाकाहारी घरांसाठी काय करायचं, तेही जिथल्या तिथे सांगितलं आहे. हे बदल मी मनाने केलेले नाहीत. व्हिएतनामी बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळायची पद्धत आहे, त्यामुळे तिथला शाकाहारी स्वयंपाक चांगला मुरलेला आहे.

ताटाची मांडणी

मध्ये एक मोठं गोल ताट किंवा टेबल आणि प्रत्येकाच्या हातात आपापली भाताची वाटी. मधल्या ताटात एक खारट-गोडसर, दाट रसाचा पदार्थ असतो. त्याला खो म्हणतात. शिवाय कान्ह म्हणजे पातळ सूप, एक पालेभाजी (बहुतेक वेळा नुसती उकडलेली) आणि बरोब्बर मध्यभागी बुडवून खायच्या सॉसची छोटी वाटी.

इथे आपली एक सवय आड येते. आपल्याला प्रत्येक पदार्थ चमचमीत लागतो. इथे तसं केलं तर सगळं बिघडतं. खो मुद्दाम खारट ठेवतात, म्हणजे दोन तुकड्यांवर अख्खी वाटी भात जातो. कान्ह सौम्य हवं, कारण ते शेवटी भातावर ओतून खातात आणि जेवताना पाण्याचं कामही तेच करतं. उकडलेल्या भाजीला स्वतःची चव जवळपास नसतेच, ती मधल्या वाटीत बुडवल्यावर येते. कुठलाही पदार्थ एकटा चाखून त्यात मीठ वाढवू नका. भाताबरोबर खाऊन बघा आणि मग ठरवा.

भातात मीठ नाही, तेल नाही. बासमती नको, त्याचा सुटा दाणा चॉपस्टिकवर टिकत नाही. अंबेमोहोर किंवा इंद्रायणी थोडं पाणी कमी घालून शिजवा. चौघांना दोन वाट्या तांदूळ पुरतात.

नुओक माम आणि त्याचा सॉस

नुओक माम म्हणजे मासे आणि मीठ मुरवून निघालेला अर्क. फू क्वॉक बेटावर मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे आणि मीठ साधारण तीनास एक या प्रमाणात मोठ्या लाकडी पिंपांत भरतात आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ मुरू देतात. या बेटाच्या नुओक मामला २०१२ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं. बाटली घेताना दोन गोष्टी बघा. घटकांत मासे आणि मीठ यांच्यापलीकडे जितकं कमी, तितकं चांगलं. आणि ३०, ३५, ४० असा आकडा असेल तर तो नायट्रोजनचा, म्हणजे प्रथिनांच्या दाटपणाचा असतो. चाळीसची बाटली सॉससाठी ठेवा, शिजवण्यात साधी वापरा. भारतात बहुधा थाई बाटली मिळते, तिनेही काम भागतं. मात्र पहिल्यांदा सांगितल्यापेक्षा थोडं कमी घाला आणि चव बघून वाढवा. वास उग्र आहे हे खरं, पण घरात सुकट भाजणाऱ्यांनी त्याबद्दल तक्रार करू नये.

बुडवायच्या सॉसचं नाव नुओक चाम. प्रमाण सोपं आहे: एक भाग नुओक माम, एक भाग साखर, एक भाग लिंबाचा रस आणि चार ते पाच भाग पाणी. क्रम मात्र पाळा. कोमट पाण्यात साखर विरघळवा, पाणी गार होऊ द्या, लिंबू पिळा आणि मग नुओक माम घाला. बारीक चिरलेली लसूण आणि लाल मिरची सगळ्यांत शेवटी. या क्रमाने केलं की लसूण-मिरची वर तरंगते, आणि तिथे तीच चांगल्या हाताची खूण मानतात. उकडलेल्या भाजीबरोबर किंवा कान्हमधल्या माशाबरोबर मात्र पाणी न घातलेलं नुओक माम आणि मिरचीच्या चकत्या एवढंच देतात.

शाकाहारी घरात त्याच प्रमाणात फिकट सोया सॉस घ्या आणि चिमूटभर मीठ वाढवा. चव वेगळी येते, पण ताट अडत नाही.

नुओक माऊ: खोचा रंग

खोचा तांबूस तपकिरी रंग मसाल्याचा नसतो, जळायच्या बेतात आणलेल्या साखरेचा असतो. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर दोन चमचे पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवा. ढवळू नका, पातेलंच फिरवा. साखर आधी सोनेरी होईल, मग मधासारखी, मग गडद लालसर. बहुतेक जण मधाच्या रंगावर घाबरून गॅस बंद करतात आणि खो नुसता गोड होतो. थोडं पुढे जाऊ द्या. कडेने पहिला धूर दिसला की गॅस बंद करून अर्धी वाटी उकळतं पाणी हात लांब ठेवून घाला. जोरात उसळतं, त्यामुळे मुलांना ओट्यापासून दूर ठेवा. हे मिश्रण बाटलीत भरलं की महिनाभर आरामात राहतं. मेकाँग खोऱ्यातल्या बेन ट्रे भागात नारळाचं पाणी आटवून असाच रंग करतात, पण त्याला बराच वेळ आणि भरपूर नारळ लागतात.

आता रोजचा खो. अर्धा किलो माशाचे जाड तुकडे घ्या, नदीतला मासा असेल तर उत्तम. त्याला दोन चमचे नुओक माऊ, तीन चमचे नुओक माम, एक चमचा साखर, भरपूर मिरेपूड आणि चिरलेले छोटे कांदे लावून अर्धा तास ठेवा. मातीच्या भांड्यात पसरून एक वाटी नारळपाणी घाला आणि मंद आचेवर ३५-४० मिनिटं शिजवा. मासा उलटायचा असेल तर एकदाच उलटा. रस आटून तुकड्यांना चिकटायला लागला की झालं. चिकन करायचं तर हाडासकट तुकडे आणि आल्याच्या भरपूर काड्या घ्या, बाकी सगळं तसंच. टोफू आणि मशरूमचा खोही याच पद्धतीने होतो, नुओक मामच्या जागी सोया सॉस घालून.

कान्ह: भाजीच्या पाण्यापासून

सगळ्यांत स्वस्त कान्ह उत्तरेकडच्या घरांतलं. तिथली रोजची पालेभाजी राऊ मुओंग म्हणजे आपली नाळीची भाजी. भरपूर पाणी खळखळ उकळून त्यात मीठ घालायचं, भाजी टाकून दीड-दोन मिनिटांत काढायची आणि ताटात पसरायची. उरलेलं हिरवं पाणी फेकायचं नाही. ते कोमट झालं की त्यात लिंबू पिळायचं. हनोईत साऊ नावाचं आंबट फळ घालतात. हेच त्या दिवसाचं कान्ह. एका जुडीत भाजी आणि सूप दोन्ही उरकतं. नाळीची भाजी कुठल्या पाण्यातली आहे ते मात्र विचारून घ्या, सांडपाण्याच्या काठची नको.

मायाळूचं कान्हही रोजचं. सोडे अर्धा तास भिजवून ठेचायचे, पाण्यात दहा मिनिटं उकळायचे, मायाळूची पानं घालून दोन मिनिटांत उतरवायचं. मायाळू, घोसाळं, माठ, शेवग्याचा पाला या सगळ्यांचं कान्ह तिथे होतं. म्हणजे कोकणातल्या परसात कान्हचं अर्धं सामान आधीच उभं आहे.

पाहुणे आले की कान्ह चुआ, म्हणजे आंबट कान्ह. दक्षिणेकडे त्यात का लॉक हा मासा घालतात. तो आपल्या मरळीचा भाऊबंद. चौघांसाठी अर्धा किलो मासा, लिंबाएवढी चिंच, पाव अननस, दोन टोमॅटो, सहा-सात भेंड्या आणि दोन मुठी मोड आलेले मूग घ्या. तिथल्या मोडांची शेपूट बोटभर लांब असते. आपल्याकडच्या मोडांना आणखी दोन दिवस अंधारात वाढू द्या.

सव्वा लिटर पाणी उकळून त्यात मासा मंद आचेवर शिजवा आणि शिजला की वेगळ्या ताटलीत काढा. पाण्यात चिंचेचा कोळ, अननस, दोन चमचे साखर आणि तीन चमचे नुओक माम घाला. पाच मिनिटांनी टोमॅटो आणि तिरक्या चिरलेल्या भेंड्या. भेंडीचा रंग उजळला की मोड टाकून लगेच गॅस बंद करा. वर तळलेली लसूण आणि कोथिंबीर. चव आधी आंबट, मग गोड, मग खारट लागली पाहिजे. मासा ताटलीतच वाढायचा, मिरची घातलेल्या नुओक मामबरोबर. मूळ कृतीत अळूच्या जातीच्या एका वनस्पतीचे भोकाभोकांचे देठ असतात. त्यांच्या जागी आपल्या अळूचे देठ कच्चे टाकू नका, घसा खाजेल.

तेतचं वेळापत्रक

तेत जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो. दिनदर्शिकेत शोधायचा तर पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास बघा. २०२५ मध्ये तो २९ जानेवारीला होता आणि २०२६ मध्ये महाशिवरात्रीनंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला. २०२७ मध्ये तो ६ फेब्रुवारीला आहे.

स्वयंपाकाची आखणी एका साध्या गोष्टीभोवती फिरते. पूर्वी नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस बाजार बंद असत आणि घरात पाहुण्यांची रीघ. म्हणून सगळं आधी शिजवून ठेवायचं. आता शहरांत दुकानं लवकर उघडतात, पण ताट बदललेलं नाही. ते बदलू नये असं माझंही मत आहे, कारण घरच्या बाईला सणाच्या दिवशी ओट्यापासून सुट्टी मिळण्याचा हा एवढाच मार्ग आहे.

दहा दिवस आधी लोणची घाला. शेवटच्या चांद्र महिन्याच्या २३ तारखेला चुलीच्या देवांची पूजा होते. हे देव घराचा वर्षाचा हिशेब सांगायला माशावर बसून स्वर्गात जातात अशी श्रद्धा आहे, म्हणून त्या दिवशी कार्प मासे तळ्यात-नदीत सोडतात. साफसफाई याच सुमारास उरकते. २७-२८ तारखेला पानातला भात बांधून उकडायचा. शेवटच्या दिवसाआधी खोचं मोठं पातेलं. शेवटच्या संध्याकाळी सगळ्या घराचं एकत्र जेवण आणि मध्यरात्री नव्या वर्षाचा नैवेद्य. शेवटचा दिवस तिसावाच असेल असं धरून चालू नका. २०२५ च्या तेतआधीचा महिना २९ दिवसांचाच होता, त्यामुळे उलटी मोजणी नेहमी पहिल्या तारखेपासून करा.

लोणचं

मधल्या व दक्षिणेकडच्या घरांतलं झुआ मोन आपल्या जानेवारीच्या उन्हात छान होतं. गाजर, मुळा, कच्ची पपई आणि नवलकोल यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, मीठ लावून तासभर ठेवा, धुऊन पिळा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. चामट झाले पाहिजेत, कुडकुडीत नाहीत. छोटे कांदे एकच दिवस वाळवा. एक वाटी नुओक माम आणि एक वाटी साखर एक उकळी आणून पूर्ण गार करा. कोरड्या बरणीत भाज्या भरून वरून हा पाक ओता आणि तुकडे बुडालेले राहतील असं काहीतरी वजन ठेवा. पाचव्या दिवसापासून खाता येतं. तेलकट भाताबरोबर हे लोणचं नसेल तर तिसऱ्या घासाला पोट भरतं, म्हणून याला फाटा देऊ नका.

बान्ह तेत: पानात बांधलेला भात

उत्तरेकडे हा पदार्थ चौकोनी असतो आणि त्याला बान्ह चुंग म्हणतात. हुंग राजाच्या गरीब मुलाने पृथ्वीसारखा चौकोनी आणि आकाशासारखा गोल असे भाताचे दोन पदार्थ करून सिंहासन मिळवलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. तो झोंग नावाच्या पानात बांधतात आणि ते पान आपल्याकडे मिळत नाही. दक्षिणेकडचा लांबट गोल बान्ह तेत मात्र केळीच्या पानात होतो. आपण तोच करू.

तांदूळ हाच कळीचा मुद्दा. चिकट तांदूळच लागतो. इंद्रायणी मऊ शिजतो, पण चालत नाही. चिकट तांदळात अमायलोज जवळपास नसतं, त्यामुळे दाणे एकमेकांत मिसळून घट्ट वडी होते. दाणा खडूसारखा पांढरा आणि अपारदर्शक दिसला की ओळखा. आसामचा बोरा साऊळ याच जातीचा आहे आणि तो ऑनलाइन मिळतो.

साधारण पाऊण किलोच्या चार वळकट्यांसाठी एक किलो चिकट तांदूळ, ४०० ग्रॅम पिवळी मूगडाळ, ४०० ग्रॅम चरबीसह डुकराचं मांस, ४०० मिली नारळाचं दूध, केळीची दहा-बारा मोठी पानं आणि सुती दोरा घ्या.

आदल्या रात्री तांदूळ भिजत घाला. डाळ चार तास पुरते. मांसाच्या बोटभर जाड, वळकटीच्या लांबीच्या पट्ट्या कापा आणि त्यांना दोन चमचे नुओक माम, एक चमचा साखर, चिरलेला कांदा आणि सढळ हाताने मिरेपूड लावून फ्रीजमध्ये ठेवा. चरबी काढून टाकू नका. तीच वितळून डाळीत मुरते.

सकाळी तांदूळ तासभर निथळत ठेवा. कढईत नारळाचं दूध आणि दोन लहान चमचे मीठ गरम करून त्यात तांदूळ परता. दूध आटेपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं. दाणा वरून चिकट पण आतून कच्चाच राहिला पाहिजे. डाळ वाफवून मीठ घालून घोटा आणि तिचे चार भाग करा. प्रत्येक भाग थापून मध्ये मांसाची पट्टी ठेवा आणि गुंडाळा.

पानं पुसून आचेवरून फिरवा, पानगीला करता तशीच. बाहेरचं पान शिरा उभ्या येतील असं पसरा आणि त्यावर आतलं पान शिरा आडव्या येतील असं. दोन्ही पानांच्या शिरा एकाच दिशेने असल्या तर उकळताना पान उभं फाटतं आणि भात पातेल्यात पसरतो. पानावर तांदळाचा जाड थर द्या, मध्ये डाळीची वळकटी ठेवा आणि पानाच्या मदतीने दोन्ही बाजूंचा तांदूळ वर घेऊन गुंडाळा. एक टोक दुमडून दोऱ्याने आवळा, वळकटी उभी करून हलकेच आपटा म्हणजे तांदूळ बसेल. वर जागा उरली तर थोडा तांदूळ भरा आणि दुसरं टोक दुमडा. मग दर तीन सेंटिमीटरवर दोरा फिरवा. घट्ट हवं, पण करकचून नको. तांदूळ फुगतो आणि फार आवळलं तर मधला भाग टणक राहतो.

पातेल्याच्या तळाला उरलेली पानं अंथरा, वळकट्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि सहा तास उकळू द्या. पाणी कमी झालं की उकळतंच पाणी ओता. गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं आणि भात गुठळीसारखा होतो. तिथे हे काम रात्रभर अंगणात चुलीवर चालतं, घरातली तरुण मंडळी जागी राहून पाणी बघतात आणि पत्ते कुटतात. फ्लॅटमध्ये कुकर वापरला तर दीड-दोन तासांत होतं. पण मग दोन वळकट्याच मावतील अशा बेताने घ्या आणि मध्ये एकदा कुकर थंड करून पाणी तपासा.

बाहेर काढल्यावर गार पाण्याने चिकट थर धुवा, ओट्यावर गरम असतानाच दोन-चार वेळा लाटल्यासारख्या फिरवा आणि जोडीजोडीने टांगून निथळू द्या. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. कापायला सुरी नकोच. पान सोलून तोच दोरा वळकटीभोवती गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं ओढायची. सुरीला भात चिकटतो, दोऱ्याला नाही.

शाकाहारी बान्ह तेत तिथे आवडीने खातात. मांस आणि डाळ वगळून मध्ये पिकलेलं पण घट्ट केळं ठेवा आणि तांदळात उकडलेली काळी चवळी मिसळा. तासन् तास उकळल्यावर केळ्याचा रंग लालसर गुलाबी होतो. तो बिघडल्याचा नव्हे, नीट शिजल्याचा रंग.

सणाचं पातेलं: थित खो

दक्षिणेकडे तेतला हे पातेलं नाही असं घर शोधावं लागेल. एक किलो चरबीसह डुकराच्या मांसाचे चार-पाच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. लहान तुकडे दुसऱ्या दिवशी विरघळतात. चार चमचे नुओक माम, दोन चमचे साखर, ठेचलेला लसूण-कांदा आणि दोन चमचे नुओक माऊ लावून तासभर ठेवा. पातेल्यात हलकं परतून एक लिटर शहाळ्याचं पाणी ओता. उकळी आली की वरचा फेस काढत राहा आणि आच अगदी मंद करा. झाकण ठेवू नका, रस्सा गढूळ होतो. तासाभराने आठ उकडून सोललेली अंडी घाला (तिथे बदकाची घालतात) आणि आणखी पाऊण तास ठेवा. चरबी काचेसारखी दिसायला लागली, तुकडा चॉपस्टिकने तुटला पण आपणहून सुटला नाही, की उतरवा. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, तिसऱ्या दिवशी अंडी पार तपकिरी होतात. पहिल्या दिवशी थोडा फिका वाटला तरी खारटपणा वाढवू नका, रोज गरम केल्यावर तो आटत जातो.

शाकाहारी घरात तळलेला टोफू आणि मशरूम घ्या, तेच शहाळ्याचं पाणी, सोया सॉस, आणि शिजायला अर्धा तास.

जोडीला भरल्या कारल्याचं कान्ह असतं. सरत्या वर्षाचा कडूपणा संपावा म्हणून ते करतात. कारल्याचे तुकडे पोकळ करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मांसाचा किंवा माशाचा खिमा आणि भिजवून चिरलेले शेवयांसारखे मूगनूडल्स भरा, मंद आचेवर ४० मिनिटं उकळा.

उत्तरेकडचं ताट आणि नैवेद्य

हनोईत तेत म्हणजे थंडी. तिथे मांस शिजवून आपोआप गोठू देतात आणि थंडच खातात. मुंबईच्या हवेत हा हट्ट करू नका. जुन्या घरांत चार वाट्या आणि चार ताटल्या असं मोजून ताट मांडतात: वाळवलेल्या बांबूच्या कोंबांचं सूप, शेवया, उकडलेली कोंबडी, मांसाची वाफवलेली गुंडाळी, तळलेले रोल आणि गक फळाने लाल झालेला चिकट भात. हे गक आपल्या कर्टोल्याच्या कुळातलं.

यातली कोंबडी आवर्जून करण्यासारखी आहे. अख्खी कोंबडी गार पाण्यात ठेवून मंद आचेवर उकळीच्या जवळ आणा, ४० मिनिटं तशीच ठेवा, गॅस बंद करून झाकणाखाली आणखी २० मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात बुडवा. कापण्याआधी मांडीत सुरी टोचून बघा, पाणी स्वच्छ आलं पाहिजे. हळद आणि कोंबडीचीच वितळलेली चरबी एकत्र करून वर चोळली की कातडी सोनेरी दिसते. मीठ, मिरी आणि लिंबू एवढ्याबरोबर खायची. उरलेल्या पाण्यात बांबूचे कोंब शिजतात.

सगळं आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे मांडतात, पाच फळांसकट. उदबत्ती जळून संपेपर्यंत कोणी हात लावत नाही. मग ताट खाली येतं. जेवायच्या आधी, विशेषतः उत्तरेकडे, सर्वांत धाकट्याने वयाच्या क्रमाने प्रत्येकाला म्हणायचं असतं: आजोबा, जेवा. आजी, जेवा. बाबा, जेवा. आजोबांनी चॉपस्टिक उचलली की बाकीच्यांनी सुरू करायचं. चॉपस्टिक भातात उभी खोचून ठेवू नका, ती मृतापुढच्या उदबत्तीसारखी दिसते. चांगला तुकडा स्वतःच्या वाटीत ओढण्याआधी वडीलधाऱ्यांच्या वाटीत टाकावा, आणि आपल्या वाटीत कोणी टाकला तर नको म्हणू नये.

उरलेलं

आपल्या हवेत बान्ह तेत बाहेर एकच दिवस ठेवा, नंतर पानासकट फ्रीजमध्ये. आठवडाभर राहतो, पण फ्रीजमध्ये भात कडक होतो, म्हणून खायच्या आधी पुन्हा वाफवा. किंवा जाड चकत्या करून चमचाभर तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. चकत्या पसरायला लागल्या तर उलथन्याने दाबून एकच मोठी भाकरी होऊ द्या, तिथेही तसंच करतात. बाजूला झुआ मोन. थित खो रोज एकदा खळखळून उकळा, गार झाला की फ्रीजमध्ये ठेवा. वर जमलेली पांढरी चरबी थोडी काढली तरी चालेल. तुकडे संपून नुसता रस्सा उरला की त्यात मोड आलेले मूग किंवा वांगी शिजवा, पण तेव्हा मीठ अजिबात घालू नका.